धुराच्या मोसमातली बाटली

परवा सकाळी माझ्या बायकोने, सुमनने, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले पंचे आत ओढले, त्यातला एक नाकाला लावला आणि म्हणाली, "आला." कोण आला ते मला विचारावं लागलं नाही.

सिंगापुरात ऋतू नाहीत असं आपण भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगतो. बारा महिने तोच घाम, तीच दुपारची सर. पण एक ऋतू आहे. समुद्रापलीकडे पामच्या बागांसाठी दलदलीची जमीन पेटवतात, वारा इकडे फिरतो आणि सप्टेंबरच्या सुमाराला आपलं आकाश चहा गाळायच्या जुन्या फडक्यासारखं होतं. इथे त्याला हेझ म्हणतात. धुकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. धुक्याला ओल असते, पहाट असते. ह्याला नुसता वास असतो, करपलेल्या मुळांचा, आणि तो उशीच्या अभ्र्यात, वरणात, दातांच्या मागे जाऊन बसतो. चूळ भरून जात नाही. चार वर्षांपूर्वी असाच बसला होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून माझ्या तोंडातून तो पूर्ण गेलेलाच नाही.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या वृंदावहिनींनी मला सांगितलं होतं, "काका, काहीतरी हलकंफुलकं द्या. पावसाबिवसाचं. तुमची भाषा छान आहे." छान भाषेचा मला अलीकडे वीट आला आहे. छान भाषेखाली माणूस काहीही झाकू शकतो. तरी मी पावसावर दोन पानं लिहिली होती. ती फाडली, कारण त्याच आठवड्यात गिरीश भेटला.

गिरीशला तुम्ही सगळे ओळखता. बिशानला राहतो, एका विद्यापीठात संशोधक आहे, गणपतीची आरास तो करतो. एमआरटीच्या गाडीत माझ्या शेजारी बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे एका जागेसाठी अनघाचा अर्ज आलाय. ती तीच ना, तुमच्या कंपनीतली? आकडेवाली?"

"तीच."

"मग राहू दे. उगाच डोक्याला ताप. बाकी सगळ्यांत तीच सरस आहे, पण तुम्ही नको म्हणालात म्हणजे विषय संपला."

मी नको म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं. तेवढं मला चांगलं जमतं. त्याचं स्टेशन आलं, तो उतरला, आणि मी पुढची कितीतरी स्टेशनं समोरच्या काचेत दिसणाऱ्या एका सभ्य, पिकल्या केसांच्या माणसाकडे बघत राहिलो. मला त्याची शिसारी आली.

*

मी जनावरांचा डॉक्टर. तिकडे कॉलेजात शिकवायचो, मेलेली जनावरं उघडून ती कशाने मेली ते सांगायचो. यकृत हा माझ्या आवडीचा अवयव. निरोगी यकृत गडद असतं, घट्ट असतं, त्याच्या कडा धारदार असतात. चरबी चढलेलं यकृत पिवळट आणि फुगीर. सुरी फिरवली की पात्यावर ओशट थर येतो. हात साबणाने कितीही चोळले तरी संध्याकाळी पोळीचा तुकडा मोडताना बोटांना तो थर जाणवायचा. सुमन म्हणायची, तुम्हाला भास होतो. असेल.

मुलामागोमाग आम्ही इथे आलो, हौगांगला त्याच्या घरी राहू लागलो. मला रिकामं बसवेना. बुकित बातोकच्या औद्योगिक भागात, वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती, घोड्यांसाठी औषधी पूड तयार करणारी. मालक मिस्टर टॅन. त्यांना माझे पांढरे केस आवडले. गिऱ्हाइकांना विश्वास वाटतो म्हणाले.

पूड एका शेवाळाची होती. हिरवी, माशाच्या टोपलीसारख्या वासाची. ती द्यायची होती लठ्ठ घोड्यांना. घोडा हा दिवसभर चालत, वाळकं गवत चघळत जगणारा प्राणी. आपण त्याला तबेल्यात उभा केला आणि धान्य घातलं. मग त्याच्या मानेवर कडक चरबीचा पट्टा उठतो, रक्तातलं इन्सुलिन चढतं, यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठतात, पेशी सुजतात आणि मरतात. सगळ्यात शेवटी खूर जातात. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे नाजूक पडदे असतात, ते सुटतात, आणि एवढ्या मोठ्या अंगाच्या भाराने हाड खाली सरकू लागतं. ह्यावर जुना आणि खरा उपाय एकच: कमी खायला घाला, गवत पाण्यात भिजवून त्यातली साखर काढा, चालवा. ह्या उपायात विकण्यासारखं काही नाही. टॅन ह्यांना विकण्यासारखं काहीतरी हवं होतं. त्यांचं म्हणणं होतं की ही पूड यकृताच्या पेशींना चरबीपासून वाचवते. आम्ही ते दाखवून द्यायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि अनघा. ती पुण्याची, इथे विद्यापीठात पोस्ट-डॉक संपवून आमच्याकडे लागली होती. तिचे बाबा माझे विद्यार्थी. सोमवार ते शुक्रवार मी तिचा "सर" आणि रविवारी आमच्याकडे जेवायला आली की "काका". जेवण झाल्यावर ती सुमनच्या शेजारी जमिनीवर बसून शेंगा सोलायची आणि मला चिडवायची, "काकू, सर ऑफिसात डब्यातली भाजी दुसऱ्यांना वाटतात आणि कारल्याची असली की मला." सोमवारी परत "सर". ह्या दोन हाकांमधली भिंत मी पाहिजे तेव्हा उभी केली आणि पाहिजे तेव्हा पाडली.

*

त्या वर्षीचा हेझ आठवतो का तुम्हाला? शाळांना सुट्टी दिली होती. सकाळी उठून पहिल्यांदा फोनवर हवेचा आकडा बघायचा, मग दात घासायचे. समोरची इमारत दिसेनाशी व्हायची आणि फक्त तिच्या लिफ्टचा दिवा दिसायचा. हॉकर सेंटरमध्ये लोक मास्क खाली करून घास घ्यायचे आणि परत वर करायचे. प्रयोगशाळेत धूर शिरू नये म्हणून सगळ्या फटींना चिकटपट्टी लावलेली आणि एसी पूर्ण जोरात. मी स्वेटर घालून बसायचो. अनघाने सुमनची जुनी शाल आणून ठेवली होती.

प्रयोगशाळेत प्लेटांवर वाढवलेल्या यकृताच्या पेशींना आम्ही जी चरबी द्यायचो तिचं नाव पामिटिक आम्ल. नावातच पाम आहे. ज्या झाडासाठी बाहेर जंगल जळत होतं, त्याच्याच तेलात ती भरपूर असते. अनघा एकदा म्हणाली, "सर, म्हणजे घोड्याचं यकृत आणि माझी फुफ्फुसं, दोन्हींचा खून एकाच झाडावर." आम्ही हसलो होतो.

ही चरबी पाण्यात विरघळत नाही. ती आधी चांगली तापवायची, मग एका प्रथिनाच्या द्रावणात बांधून घ्यायची, तेव्हा कुठे ती पेशींपर्यंत पोचते. बाटली आरपार दिसली पाहिजे. ती बाटली मी स्वतः तयार करायचो. घरातली म्हातारी जशी दुसऱ्याला फोडणी घालू देत नाही, तसं. मी तयार केलेल्या बाटलीतून अनघा पेशींच्या प्लेटा लावायची: आधी नुसत्या चरबीच्या, त्यानंतर चरबी आणि पूड अशा दोन्हींच्या. हा क्रमही मीच घालून दिलेला.

त्या गारठ्यात पहिल्या प्लेटा होईतो बाटली निवायची.

"सर, बाटलीत ढग आलाय," ती म्हणाली.

"कुठे?"

"हा काय, तळाशी. परत तापवून घेऊ का? नाहीतर आज क्रम तरी बदलू, पुडीच्या प्लेटा आधी लावते."

"अगं, काकूंची तुपाची बरणी बघितली नाहीस का? फ्रिजमधून काढली की थिजलेली, जरा हातात धरली की पातळ. मुठीत धर, हलव आणि घाल. क्रम मोडायचा नाही."

"तूप वेगळं हो, सर."

"तुझ्या बाबांनी मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं."

तिने बाटली मुठीत धरली, हलवली, घातली. पुढे रोज तसंच झालं.

तूप हाताच्या उबेने वितळतं. ही चरबी वितळत नाही. ती पांढऱ्या कणांनी तळाशी बसते, वरचं पाणी स्वच्छ दिसतं, आणि ते स्वच्छ पाणी पुडीच्या पेशींना मिळत होतं. त्यांना विष पोचतच नव्हतं, मग त्या मरतील कशाला? सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या चरबीच्या पेशी फुगून फुटलेल्या दिसायच्या आणि पुडीच्या पेशी कशा शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. मी टॅनना बोलावून दाखवलं. ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले. त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"डॉक्टर, फर्स्ट क्लास लाह," ते इथल्या लकबीने म्हणाले, आणि आम्हा दोघांना खाली कॉफी पाजली.

गुळगुळीत कागदावर पत्रक छापलं. त्यावर हिरव्यागार कुरणात उधळलेला घोडा होता, निळं आकाश होतं. खाली माझं नाव, माझ्या पदव्या आणि "यकृताचं कवच" अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य. बाहेर शंभर पावलांवरचं झाड दिसत नव्हतं.

*

पूड पहिल्यांदा गेली ती एका घोडेस्वारीच्या शाळेत. मालकीण मिसेस वोंग, बोलायला फटकळ, जनावरांवर माया करणारी. तिच्याकडे बिस्किट नावाचं एक तांबूस तट्टू होतं. बुटकं, गोल, मानेवर हाताला लागेल असा चरबीचा पट्टा. लहान मुलांचं लाडकं. मी आठवड्यातून एकदा त्याला तपासायला जायचो. ते माझ्या खिशात नाक खुपसायचं आणि काही नाही मिळालं की शर्टाची बाही चावायचं.

हेझमुळे स्वारी बंद होती. घोडे दिवसभर तबेल्यात उभे. मुलांना स्वारी नाही म्हणून आईबाप त्यांना भेटायला आणायचे आणि मास्क लावलेली ती पोरं बिस्किटला गाजरं, सफरचंदं, गुळाचे खडे भरवायची. त्या तबेल्याचा वास मला अजून येतो: धूर, घोड्याचं मूत आणि त्यावर कापलेल्या सफरचंदाचा गोड, आंबत चाललेला वास.

मी म्हणालो, "ह्याचं खाणं कमी करायला हवं."

मिसेस वोंग म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याच पत्रकात लिहिलंय ना, यकृताला कवच आहे म्हणून? मग खाऊ दे लाह. एवढंच सुख आहे बिचाऱ्याला."

मी मान हलवली. ती मान कशाला हलवली होती, होकाराला की नकाराला, ते मी तिच्यावर सोडलं.

तोवर मला माहीत झालेलं होतं. सगळ्यात घाण भाग हाच आहे, म्हणून तो सरळ सांगतो. अनघाचं "तूप वेगळं हो, सर" मनात टोचत राहिलं होतं. एका शनिवारी दुपारी, कोणी नसताना, मी प्रयोगशाळेत गेलो. बाटली गरम पाण्यात धरून पार नितळ होईपर्यंत तापवली. क्रम उलटा केला. पुडीच्या प्लेटा आधी लावल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरी जेवायला अनघा येणार होती, म्हणून मी सकाळीच जाऊन बघून आलो. पुडीच्या पेशी इतरांसारख्याच मेल्या होत्या. चरबीच्या थेंबांनी ठासून भरलेल्या, फुटलेल्या, एकमेकींना चिकटून त्यांचा चिखल झालेला. मी प्लेटा धुतल्या, हात धुतले, घरी आलो. अनघा आधीच येऊन बसली होती. सुमनने पानं घेतली होती. मी दोनदा भात घेतला.

सोमवारी बोलीन असं ठरवलं. मग म्हटलं, पूड निरुपद्रवी आहे, कोणाचं काय बिघडणार. शास्त्रीय कारण होतं ते. पुडीने कोणाचं काही बिघडत नव्हतंच. तिच्यावर विसंबून कोणी गाजरं थांबवली नाहीत, त्याने बिघडलं.

बिस्किटला एक दिवस चालवेना. पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ते उभं होतं. ही उभं राहायची तऱ्हा मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवत आलो होतो. खूर हाताला गरम लागत होते. औषधं केली, थंड पाण्यात पाय ठेवले, पण हाड खाली गेलं होतं. कायमचं झोपवायचं इंजेक्शन मीच दिलं. मिसेस वोंग त्याच्या तोंडाशी बसून त्याला शेवटचं गाजर भरवत होती आणि मला म्हणाली, "तुम्ही फार केलंत ह्याच्यासाठी, डॉक्टर." बिस्किटच्या तोंडातून नारिंगी लाळ तिच्या हातावर गळत होती. मी बाहेर येऊन कुंपणापाशी ओकलो. हेझ सोसत नाही म्हणून सांगितलं.

*

त्यानंतर दुसऱ्या एका प्रयोगशाळेने आमचा प्रयोग करून बघितला. त्यांची बाटली नितळ असणार. त्यांना काहीच सापडलं नाही. पैसे घालणारे लोक टॅनवर चिडले. टॅननी मला खोलीत बोलावलं. सरळ माणूस होता तो. एकच प्रश्न विचारला.

"प्लेटा कोण लावायचं?"

"अनघा," मी म्हणालो.

आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांत इतकं खरं आणि इतकं नासकं दुसरं कुठलंच नसेल. प्लेटा तीच लावायची. टॅननी बाटलीबद्दल विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आकडे तिनेच बदलले असं ठरलं, तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पास गेला. निघायच्या आधी ती सुमनची शाल परत करायला आली. धुऊन, घडी घालून आणली होती. दारातच म्हणाली, "काका, मी आकडे बदलले नाहीत. तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "मला माहीत आहे, बाळा." आणि दार लावून घेतलं.

मग आपल्या मंडळाचं दिवाळीचं जेवण झालं. तुमच्यातले बहुतेकजण होतात. पुरणपोळ्या होत्या. टेबलापलीकडून कोणीतरी म्हणालं, "ऐकलंत का, कंपनीला बनावट आकडे दिले म्हणे पोरीने." दादरचे एक गृहस्थ म्हणाले, "पुण्याची मंडळी स्वावलंबी. आकडेसुद्धा बाहेरून आणत नाहीत, घरीच करतात." केवढं हसलो आपण. मीही हसलो. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "काकांना केवढा मनस्ताप झाला असेल." मी मोठ्या मनाने हात हलवला, जाऊ द्या म्हणून. वाढणारीने पोळीवर तुपाची धार धरली आणि मी तिला पुरे म्हणालो नाही. जेवणानंतर तुम्ही मला शाल दिली. विज्ञानाची सेवा केल्याबद्दल. ती शाल घेऊन घरी येताना बोटांवर तो ओशट थर होता. ह्या वेळी भास नव्हता.

*

एमआरटीत गिरीश भेटल्यानंतर दोन दिवस मी काहीच केलं नाही. पेपर उघडून बसलो. मग परवा, सुमनने पंचे आत घेतले त्या सकाळी, गिरीशला फोन लावला. सुमन तिथेच होती. मी सगळं सांगितलं: बाटली, तूप, क्रम, शनिवार, बिस्किट, टॅनचा प्रश्न. सुमन पंच्यांच्या घड्या घालत होती. शनिवारपाशी तिचे हात थांबले.

गिरीश मग म्हणाला, "काका, हे तुम्ही लेखी द्याल?"

"देतो."

"तुमचं नाव खराब होईल."

"ते आहेच खराब. लोकांना माहीत नाही एवढंच."

"द्या मग. मी अर्ज पुढे पाठवतो. पुढचं ती बघेल, हुशार आहे." मग म्हणाला, "मी तिला आकडेवाली म्हणालो हो तुमच्यासमोर. तुम्ही ऐकून घेतलंत."

दुपारी पुण्याला फोन केला. अनघा तिथल्या एका कॉलेजात तासावर शिकवते. वर्ग संपवून आली होती, मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता. तिलाही तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. तिने मध्ये काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल.

"शनिवारचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, काकांना कळलंच नसणार. बाटली ढगाळ होती हे मला माहीत होतं. पण मी म्हणायचे, त्यांचं वय झालंय, त्यांना खरंच तूप वाटलं असेल. सगळ्यांनी टाकलं तेव्हा मी तेवढंच धरून होते, की काकांनी मुद्दाम नाही केलं. आईशी भांडले होते त्यावरून."

मागचा कालवा कमी झाला, ती बाजूला गेली असावी.

"गिरीशदादाला सांगितलंत ते बरं केलंत. पण तो एकटाच होता का तिथे? माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं मला त्या जेवणाचं. कोण काय बोललं, कोण हसलं."

"बाकीच्यांनाही सांगतो. दिवाळी अंकात लिहितो. सगळे वाचतात."

"नाव घालून?"

"माझं नाव घालून. तुझंही. अनघाने आकडे बदलले नाहीत, ही चूक तिने पहिल्याच दिवशी दाखवली होती आणि मी तिला गप्प बसवलं, असंच लिहितो."

"लिहा."

"जागा मिळाली तर येशील ना इथे?"

"येईन. कामाला येईन. तुमच्याकडे जेवायला येणार नाही, काका." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "काकूंना म्हणावं, मी त्यांना बाहेर कुठेतरी भेटेन."

फोन ठेवला. सुमन दारात उभी होती.

"काय म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर आहे तिचं," सुमन म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाहेर म्हणजे कुठे, ते बोलली का काही?"